"दुसरा हात दाखव!" हे ऐकावं लागू नये म्हणून: नाण्याच्या हातचलाखीचा बरोबर क्रम

नाणं गायब करून दाखवलं की समोरून ठरलेलं वाक्य येतं: "दुसरा हात दाखव." लहान मुलं तर मूठ उघडायच्या आधीच ओरडतात. मग शिकणारा घरी येऊन नाणं आणखी घट्ट लपवायचा सराव करतो, यूट्यूबवर तिसरी-चौथी पद्धत शोधतो आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच वाक्य ऐकतो.

अशा वेळी नाणं बहुतेकदा व्यवस्थित लपलेलं असतं. पकडला जातो तो रिकामा हात, ज्यात नाणं आहे असं लोकांना वाटायला हवं होतं. नाणं तिथे गेलं असं त्यांना क्षणभरही वाटलेलं नसतं, म्हणून ते लगेच दुसऱ्या हाताकडे वळतात. हे दुरुस्त करायचं तर नवी पद्धत लागत नाही. आहे तीच पद्धत योग्य क्रमाने शिकावी लागते.

या लेखात एकच नाणं लपवायची एक पकड, एक फसवी क्रिया आणि दोन प्रयोग आहेत: एक उभ्याने करायचा, एक टेबलाशी बसून. फ्रेंच ड्रॉप हा नाणं गायब करायचा प्रसिद्ध प्रकार मुद्दाम घेतलेला नाही. सगळे सुरुवात त्यानेच करतात, त्यामुळे पाहणाऱ्यांपैकी कुणीतरी तो शाळेत शिकलेला असतोच. शिवाय एका हाताच्या चिमटीतलं नाणं दुसऱ्या हाताचा अंगठा खालून घालून उचलायची ती ढब रोजच्या व्यवहारात कुणाचीच नसते.

सूचना उजव्या हाताने काम करणाऱ्यांसाठी लिहिल्या आहेत. डावखुऱ्यांनी हात उलटे धरावेत.

टप्पा 1: नाणं, हात आणि जागा

दहा किंवा वीस रुपयांचं नाणं घ्या. दोन्हींचा व्यास 27 मिमी आहे. 2019 नंतरच्या मालिकेत दहाचं नाणं 7.74 ग्रॅमचं आणि वीसचं 8.54 ग्रॅमचं आहे. हे वजन हाताला जाणवतं, आणि सुरुवातीला ती जाणीव फार उपयोगी पडते. याच मालिकेतला रुपया 20 मिमीचा आणि जेमतेम 3.09 ग्रॅमचा. तो बोटांत सरकतो आणि समोरच्याला नीट दिसतही नाही. वीसचं नाणं बारा कोनांचं असल्यामुळे त्याचे कोपरे बोटांच्या कातडीत अडकतात, म्हणून पकड शिकायला ते सोपं. दाखवायला मात्र मी दहाचं नाणं पसंत करतो. दोन्ही नाणी दुरंगी असल्यामुळे लांबूनही लक्षात राहतात. आजीच्या डब्यात 1975 ते 1982 या काळातला जुना, मोठा रुपया सापडला तर तो जपून ठेवा. 28 मिमीचा, 8 ग्रॅमचा, हातचलाखीसाठी उत्तम.

नाणी दोन घ्या, आणि दोन्ही अगदी एकाच नक्षीची. दहाच्या नाण्यात नेहमीच्या नक्षीखेरीज स्मारक नाणीही भरपूर चलनात आहेत. हातात ₹ चं चिन्ह असलेलं नाणं दाखवलं आणि शेवटी होमी भाभांच्या जन्मशताब्दीचं नाणं निघालं, तर सगळं उघडं पडतं. झळाळीही सारखी हवी. एक नवंकोरं आणि एक काळवंडलेलं चालणार नाही.

नाणं घासून पातळ करणं, कापणं, दोन नाणी डकवणं असले उद्योग करू नका. नाणे कायदा, 2011 नुसार नाणं नष्ट करणं किंवा वितळवणं गुन्हा आहे, आणि इथल्या कुठल्याच प्रयोगाला त्याची गरज नाही.

हात साबणाने धुऊन पुसा, पण पार कोरडे ठणठणीत ठेवू नका. कोरड्या कातडीवर नाणं टिकत नाही. मुंबईच्या दमट हवेत हा प्रश्न सहसा येत नाही. हिवाळ्यात पुण्याला किंवा नागपूरला हात कोरडे पडतात, तेव्हा सरावाआधी दहा-पंधरा मिनिटं थोडं ग्लिसरीन चोळून पुसून टाकावं. नाण्याला लागून खणकन वाजणारी अंगठी काढून ठेवावी.

सराव पलंगाजवळ उभं राहून करा, किंवा बसायचं असेल तर पुढ्यात जाड गोधडी अंथरा. नाणं शंभरदा पडणार आहे. दर वेळी फरशीवर खणखणाट झाला तर पडण्याची भीती बसते आणि भीतीने बोटं आवळली जातात.

आरशापेक्षा मोबाइलवर चित्रीकरण करा. आरशात माणूस स्वतःच्याच डोळ्यांच्या उंचीवरून पाहतो. शिवाय नेमक्या चोरीच्या, म्हणजे नाणं लपवायच्या क्षणी पापणी मिटायची सवय अनेकांना लागते आणि ती आरशात कळत नाही, कारण त्या क्षणी आपण पाहतच नसतो. मोबाइल समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर टेकवून ठेवा.

टप्पा 2: आधी खरं करा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. माझ्या मते निम्म्याहून जास्त काम इथेच होतं.

नाणं उजव्या हाताच्या बोटांवर ठेवा, तळहात वर. डावा हात पोटासमोर सैल धरा. आता उजवा हात पालथा करत नाणं डाव्या तळहातावर टाका आणि डावी मूठ मिटा. खरोखर टाका. चोरी नाही, चलाखी नाही. बोलता बोलता, फोनवर असताना, टीव्ही बघताना हेच करत राहा, आणि करताना स्वतःला या गोष्टी विचारा:

नाणं टाकताना उजवा हात किती वळतो? पूर्ण पालथा होतो की अर्धाच?
डाव्या हाताची बोटं कधी मिटायला लागतात? नाणं पडल्यावर की पडता पडता?
नंतर कुठला हात हलतो?
तुम्ही कुठे बघता?
नाणं आत असलेली मूठ कशी दिसते?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. नाणं धरलेली मूठ आवळलेली नसते. बोटं नाण्याभोवती वळलेली असतात, तळहाताशी थोडी पोकळी असते, अंगठा तर्जनीच्या बाजूला नुसता टेकलेला असतो. नवशिक्याची रिकामी मूठ मात्र गुद्दा मारायला निघाल्यासारखी घट्ट असते. पाहणाऱ्याला का ते सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे कळतं.

तपासणी: खऱ्या क्रियेचं चित्रीकरण करून ठेवा. पुढची फसवी क्रिया याच्याशी ताडून पाहायची आहे. हे चित्रीकरण नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा 3: पकड

याला फिंगर पाम म्हणतात. मधलं बोट आणि अनामिका यांच्या बुडाशी, तळहाताकडून पहिल्या आणि दुसऱ्या रेघेच्या मध्ये नाणं आडवं ठेवा. आता ती दोन बोटं थोडीशीच वळवा. बोटांच्या वळणातच नाणं धरलं जातं, दाबायची गरज पडत नाही. तर्जनी आणि करंगळीही तितकीच वळलेली असावीत. करंगळी चहाचा कप धरल्यासारखी बाहेर काढू नका.

आता हात खाली सोडून द्या आणि रिकामा असलेला डावा हातही तसाच सोडा. दोघांकडे बघा. रिकामा हात कधीच सरळ ताठ नसतो, बोटं आपोआप अर्धी वळतात. याच कारणाने ही पकड चालते: लपवणारा हात आणि आरामात लोंबणारा हात एकसारखे दिसतात. फरक दिसत असेल तर तो जवळजवळ नेहमी अंगठ्यात असतो. अंगठा ताठ बाहेर येतो, किंवा नाण्याला टेकू द्यायला आत वळतो. अंगठा मोकळा सोडा.

नाणं असं धरून रोजची कामं करा. दार उघडा, पिशवी उचला, मोबाइलवर टाइप करा, चहाचा पेला धरा, पेनाने सही करा. नाणं हातात आहे हे विसरायला होईपर्यंत करा. हात तोपर्यंत चोरासारखा वागतो.

फटींकडे लक्ष ठेवा. बोटांच्या मध्ये फट राहिली तर उजेडात नाण्याची कड चमकते. बोटं एकमेकांना हलकी चिकटलेली असू द्या, दाबून नकोत.

तपासणी: हात नाण्यासकट खाली सोडून घरातल्या कुणाशी पाच मिनिटं बोला. त्यांनी हाताकडे पाहिलंच नाही, तर पकड जमली.

टप्पा 4: फसवी क्रिया

आता दुसऱ्या टप्प्यातली खरी क्रिया आणि तिसऱ्या टप्प्यातली पकड जोडायची.

1. नाणं उजव्या हाताच्या बोटांवर, पकडीच्या जागीच ठेवून दाखवा. तळहात वर, बोटं सैल. बोटांच्या टोकांवर दाखवून मग घाईने आत सरकवू नका. ती सरकण दिसते.

2. डावा हात पोटासमोर आणा, तळहात थोडा वर आणि थोडा स्वतःकडे.

3. उजवा हात डाव्यावर पालथा करायला लागा. वळता वळता मधलं बोट आणि अनामिका जराशी वळतात, नाणं तिथेच राहतं. हात वळायच्या आधी बोटं मिटली तर पकडले जाल. वळणं आणि मिटणं ही एकच हालचाल आहे.

4. उजव्या बोटांची टोकं डाव्या तळहाताला प्रत्यक्ष लागू द्या. इथे अनेकांचे हात इंचभर लांब राहतात आणि नाणं हवेतून पडल्याचा भास व्हावा अशी अपेक्षा असते. तो होत नाही. स्पर्श हवाच.

5. बोटं डाव्या तळहातावरून निसटत असतानाच डावी बोटं मिटायला लागतात. आधी मिटली तर उजवा हात अडकतो. उशिरा मिटली तर तळहात रिकामा दिसतो.

6. आता डावा हात दूर न्या, डावीकडे आणि थोडा वर. उजवा हात आहे तिथेच राहतो आणि मग आपल्या वजनाने खाली जातो.

सहावी पायरी दोनदा वाचा. सगळ्यात मोठी चूक इथे होते: शिकणारा नाणं चोरलेला उजवा हात झटकन मागे घेतो. माणसाची नजर हलत्या गोष्टीमागे जाते. जो हात हलेल तो लोक बघतील, म्हणून रिकाम्या हाताने निघून जायचं आणि चोराने शांत उभं राहायचं.

7. नजर डाव्या मुठीसोबत जाऊ द्या. उजव्या हाताकडे बघायचंच नाही, "नीट लपलंय ना" एवढं तपासायलाही नाही. तुम्ही जिथे बघाल तिथे लोक बघतील, आणि तुमची नजर उजवीकडे घुटमळली तर त्यांचीही घुटमळेल.

वेग खऱ्या क्रियेएवढाच ठेवा. हात डोळ्यांपेक्षा चपळ असतो ही समजूत सोडून द्या. अचानक वाढलेला वेग पाहणाऱ्याला खुणावतो.

उजेड तुमच्या समोरून यावा. नाणं शेवटच्या क्षणापर्यंत चमकत राहिलं, तर ते गेल्यावरही पाहणाऱ्याच्या डोळ्यांत क्षणभर टिकतं, आणि मूठ भरलेली वाटते. उजेड पाठीमागून येत असेल तर हा फायदा जातो, वर बोटांच्या फटीही उजळतात.

तपासणी: खरी आणि फसवी क्रिया मिसळून दहा वेळा चित्रित करा आणि घरच्या एखाद्याला विचारा, कुठल्या खोट्या? उत्तरं निम्म्याच्या आसपास बरोबर आली तर तो अंदाज आहे. आठ-नऊ बरोबर आली तर काहीतरी दिसतंय. काय दिसतंय ते त्यालाच विचारा, कारण त्याला दिसतं ते तुम्हाला दिसत नसतं. दुरुस्ती मात्र खऱ्या क्रियेचं चित्रीकरण समोर ठेवूनच करा.

टप्पा 5: दुसऱ्या हाताचा बंदोबस्त

फसवी क्रिया उत्तम झाली तरी मूठ उघडल्यावर नाणं नाही म्हटल्यावर माणूस शोधाशोध करणारच. तेव्हा दुसरा हातही रिकामा असायला हवा. यासाठी पेन लागतं.

कुर्त्याच्या उजव्या खिशात, जॅकेटच्या खिशात किंवा खांद्याला लावलेल्या पर्समध्ये आधीच पेन ठेवा. घट्ट जीन्सच्या खिशात नको. तिथे हात घालायला कसरत करावी लागते आणि बसल्यावर तर हात जातच नाही. शर्टाचा वरचा खिसा चालतो, पण नाणं आत टाकताना ते पेनाच्या क्लिपवर आपटून वाजतं का ते आधी पाहून घ्या.

फसवी क्रिया झाली. डावी मूठ पुढे, नजर मुठीवर. उजवा हात सहज खिशात जातो, नाणं तिथे सोडतो, पेन घेऊन बाहेर येतो. पेन मुठीवर दोनदा टेकवा. थांबा. मग मूठ उघडा, करंगळीकडून एकेक बोट, सावकाश. नंतर पेन दुसऱ्या हातात घेता घेता दोन्ही तळहात आपसूक दिसू द्या.

"आता मी पेन काढतो" असं म्हणू नका. पेन का लागलं याचं कारणही देऊ नका. पेन बाहेर आल्यावर लोक पेनाकडे बघतात आणि खिशात हात गेला होता हे बहुतेकांच्या लक्षातही राहत नाही. फक्त चोरी आणि मूठ उघडणं यांच्यामध्ये थोडा वेळ जाऊ द्या. नाणं मुठीत गेल्याक्षणी ती उघडली तर पाहणाऱ्याच्या डोक्यात मागची हालचाल ताजी असते. मधे एखादं वाक्य, पेन, थोडी शांतता आली की ती पुसट होते.

आता कुणी "दुसरा हात दाखव" म्हणालं तर दाखवा. बोलून नाही, नुसता हात उलटा करून.

टप्पा 6: नाणं परत आणणं

नाणं गेलं आणि प्रयोग तिथेच संपला, तर पाहणाऱ्याला अपुरं वाटतं. ते परत आलं पाहिजे. दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग दुसऱ्या नाण्याचा. जोडीतलं दुसरं नाणं आधीच कुठेतरी ठेवलेलं असतं: पाहणाऱ्याच्या बशीखाली, घड्याळाच्या पट्ट्याखाली, टेबलावरच्या पुस्तकात. तिथे पोचायची घाई करू नका. "बशी उचल बरं" म्हणून समोरच्याकडूनच ती उचलून घ्या. नाणं त्याच्या हाताने सापडलं की त्याचा परिणाम फार मोठा असतो. बशीखाली नाणं ठेवायचं ते लोक येण्याआधी.

दुसरा मार्ग एकाच नाण्याचा, म्हणजे खिशात टाकायचं नाही. नाणं उजव्या हातातच राहतं, डावी मूठ उघडून रिकामी दाखवली जाते, लोकांचा श्वास अडकलेला असतानाच तुम्ही स्वतःच्या डाव्या कोपराकडे बघता, मग उजवा हात कोपरामागे जातो. तिथे अंगठ्याने नाणं बोटांच्या टोकांवर ढकलायचं आणि कोपरातून ओढल्यासारखं बाहेर काढायचं. क्रम लक्षात ठेवा: आधी नजर, मग हात. हात आधी गेला तर नाणं हातात होतंच असं दिसतं. मूठ उघडणं आणि कोपराकडे जाणं यांत मोठी विश्रांती नको, कारण तेवढ्या वेळात मागणी येतेच.

कुणाकडून मागून घेतलेलं नाणं असेल तर हाच मार्ग. यूपीआय आल्यापासून लोकांच्या खिशात नाणी कमीच सापडतात, तेव्हा आपलं नाणं जवळ असू द्यावं.

मोठ्या माणसाच्या, विशेषतः अनोळखी व्यक्तीच्या कानामागे हात नेऊ नका. कोपर, खांदा, गुडघा स्वतःचाच वापरा.

सावधान: लहान मुलांसमोर नाणं तोंडात टाकल्याचा किंवा नाकातून काढल्याचा प्रयोग कधीही करू नका. तुम्ही गेल्यावर ती तेच करून बघतात आणि नाणं घशात अडकतं. प्रयोग संपल्यावर नाणी मुलांच्या हाती ठेवून जाऊ नका.

टप्पा 7: टेबलातून आरपार

हा बसून करायचा प्रयोग आहे, आणि यात नाणं हातात लपवायचंच नाही. ते मांडीवर पडतं.

आधी जागा तपासा. टेबल लाकडाचं किंवा सनमायकाचं हवं. काचेचं असेल तर हा प्रयोग विसरा, मांडीवरचं नाणं सगळ्यांना दिसेल. टेबलाच्या कडेखाली खण किंवा पुढे आलेली फळी नसावी. पोट आणि टेबल यांत मुठीएवढं अंतर असावं. पाहणारे समोर असावेत, शेजारी कुणी नाही, मागे तर नाहीच. गुडघे जुळलेले. साडीचा किंवा धोतराचा ओचा, सुती पंजाबी ड्रेस उत्तम. पायाला चिकटणारी गुळगुळीत पँट असेल तर मांडीवर रुमाल पसरून ठेवा, जेवताना लोक ठेवतात तसा.

1. नाणं टेबलावर, कडेपासून चार बोटं आत ठेवा.

2. उजव्या हाताची चारही बोटं नाण्यावर ठेवून ते कडेपर्यंत ओढा, कडेखालून अंगठा लावून उचला, मूठ मिटा. हे खरोखर करा. मुठीतल्या नाण्याने टेबलावर टकटक वाजवा, "इथे जरा पोकळ वाटतंय" असं काही म्हणा, आणि नाणं पुन्हा जागेवर ठेवा. दुसऱ्या जागी असंच एकदा करा. आता ओढून उचलणं ही तुमची पद्धत आहे हे लोकांनी मानलेलं आहे.

3. तिसऱ्यांदा ओढताना कडेला आल्यावर नाणं मांडीवर पडू द्या. बोटं आणि अंगठा मात्र नेहमीसारखेच मिटतात आणि मूठ वर येते. मधे न थांबता, हात न अडखळता. इथे हिसका बसतो. घालवायचा तर दुसऱ्या टप्प्याचीच युक्ती: खरं उचलणं आणि खोटं उचलणं आलटून पालटून करत राहा.

4. नजर मुठीसोबत वर. मूठ टेबलाच्या मध्यावर टेकवा.

5. डावा हात टेबलाखाली जातो आणि जाता जाता मांडीवरचं नाणं उचलतो. चाचपडायची वेळ येऊ नये म्हणून नाणं रोज साधारण एकाच ठिकाणी पडतं का, ते सरावात पाहा.

6. उजवा हात सपाट उघडून टेबलावर आपटा. त्याच क्षणी डाव्या हाताने नाणं टेबलाच्या खालच्या बाजूला वाजवा. दोन आवाज एकत्र आले पाहिजेत. मग उजवा हात उचला, जागा रिकामी. डावा हात नाणं घेऊन वर.

सावधान: नाणं पडताना बटणावर किंवा खिशातल्या किल्ल्यांवर आपटून वाजलं तर थांबू नका, खाली बघू नका. "पडलं वाटतं" असा चेहरा करू नका. बोलणं चालू ठेवा. बहुतेक वेळा आवाज फक्त तुम्हालाच ऐकू आलेला असतो.

सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या मंडळींत हा प्रयोग होत नाही. तिथे पेनाचा करा.

टप्पा 8: लोकांसमोर

तोंडाने काय बोलता ते आधी ठरवा आणि मोठ्याने म्हणून पाहा. हात आणि तोंड एकत्र चालवणं हे वेगळंच कौशल्य आहे. मुक्याने केलेला सराव बोलायला लागल्यावर कोसळतो.

"हे साधं नाणं आहे", "माझे हात रिकामे आहेत", "नीट लक्ष द्या" ही तीन वाक्यं टाळा. नाणं साधंच आहे असं लोकांना वाटतच होतं. तुम्ही सांगितल्यावर शंका आली. पुढे काय होणार तेही सांगू नका. "आता नाणं गायब होईल" म्हटलं की सगळे चोरी पकडायला सज्ज होतात. त्याऐवजी कशाबद्दल तरी बोला. पेनाच्या प्रयोगाला सुट्ट्या पैशांचा विषय चांगला बसतो: "एसटीत कंडक्टर सुट्टे मागतो. माझ्याकडे दहा रुपये सुट्टे असतात, हे बघ. मुठीत घट्ट धरून बसतो. पण तिकीट काढायची वेळ आली..." आणि पेन. वाक्य पुरं करायची गरज नसते, मूठ उघडते. नाणं मुठीत जाताना समोरच्याला एखादा प्रश्न विचारा: "तुझ्याकडे असतात का सुट्टे?" उत्तर द्यायला तो तुमच्या चेहऱ्याकडे बघतो, आणि तुमचं काम तेवढ्यात होतं.

पहिल्यांदा दाखवायचं ते दोन-तीन जणांना, एकच प्रयोग, मिनिटभर. पाठ भिंतीकडे असू द्या. समोर मुलं असतील तर ती खालून बघतात हे विसरू नका. मोठ्यांना न दिसणारं पालथ्या हातातलं नाणं त्यांच्या उंचीवरून स्वच्छ दिसतं. अशा वेळी खुर्चीत बसा, किंवा हात पोटापेक्षा खाली ठेवा. मोबाइल मुलाच्या उंचीवर ठेवून एकदा तपासून घ्या.

"परत दाखव" म्हटलं तर तोच प्रयोग परत करू नका. पहिल्यांदा काय होणार हे त्यांना माहीत नव्हतं, आता माहीत आहे. पेनाचा झाला असेल तर टेबलाचा करा. रीत वेगळी असल्यामुळे पहिल्या वेळचा त्यांचा अंदाज दुसऱ्या वेळी चुकतो.

कुणी "तुमच्यात काही शक्ती आहे का" असं गंभीरपणे विचारलं, तर नाही म्हणा आणि हा सराव आहे असं सांगा. चमत्काराचा दावा करून पैसे मिळवणं किंवा लोकांना फसवणं महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरीही ते उत्तर नाहीच असायला हवं. रीत मात्र सांगू नका. "कसं केलं?" याला हसून दुसरा विषय काढता येतो.

नाणं हातातून पडलंच तर शांतपणे उचला, तेच पुढचं दाखवायचं नाणं आहे अशा थाटात बोटांवर ठेवा आणि प्रयोग पहिल्यापासून सुरू करा. चोरी व्हायच्या आधी पडलं असेल तर काहीच बिघडलेलं नाही. चोरी झाल्यावर पडलं असेल, तर त्या मंडळींसमोर त्या दिवशी नाणी आवरती घ्या.

हे दोन्ही प्रयोग अनोळखी लोकांसमोर न अडखळता व्हायला लागले की मग पुढच्या पकडी घ्या. आधी थंब पाम, म्हणजे अंगठ्याच्या बेचक्यात कडेने धरायची. मग क्लासिक पाम, म्हणजे तळहाताच्या मध्यावर दोन्ही बाजूंच्या मांसल भागांनी धरायची. क्लासिक पाम बसायला वेळ लागतो, म्हणून ती आजपासूनच, पण फक्त घरात, नाणं हातात ठेवून वर्तमानपत्र वाचता वाचता सुरू करायला हरकत नाही.